ज्याच्या नावाचं बक्षीस

आयुष्यात मला बक्षीस असं मिळालं ते एकदाच. लहानपणी लंगडीच्या शर्यतीत एक पेन्सिल मिळाली होती. पण ती धावलेल्या सगळ्याच पोरांना मिळाली होती, तेव्हा तिचा हिशेब धरण्यात अर्थ नाही. खरं बक्षीस मिळालं ते १९६६ साली, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, बी.एस्‌सी.ला वनस्पतिशास्त्रात पहिला आलो म्हणून. रक्कम ३५ रुपये. तीही रोख नव्हे, तेवढ्या किमतीची पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर एक छापील चिठ्ठी डकवलेली, आणि त्या चिठ्ठीवर माझ्या नावाच्या वर, माझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. त्याच्या स्मरणार्थ हे बक्षीस आहे, असं खाली लिहिलेलं.

हा कोण, असा प्रश्न मला पडला नाही. खोटं कशाला सांगू? वीस वर्षांच्या पोराला त्या चिठ्ठीत स्वतःचं नाव तेवढं दिसतं. प्रश्न पडला तो आमच्या आईला, आणि तिला तर इंग्रजी वाचताही येत नव्हतं.

आम्ही तेव्हा मुगभाटातल्या एका चाळीत राहत होतो. आईनं पुस्तकं देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग बोट ठेवून विचारलं, “हे वरचं नाव कुणाचं रे?”

“ज्याच्या नावाचं बक्षीस आहे त्याचं.”

“कोण तो?”

“असेल कुणीतरी. वारलेला.”

“त्याच्या घरी पेढे दिलेस?”

मी हसलो. आई हसली नाही. “साऱ्या चाळीला पेढे वाटलेस, त्या कोपऱ्यातल्या भांडकुदळ बिऱ्हाडालासुद्धा दिलेस; आणि ज्याच्या नावाचं घेतलंस त्याच्या घरी नाही? उद्या पत्ता काढून आण.”

आईच्या ‘उद्या’ला आमच्या घरात अपील नव्हतं.

झेवियर्स हे जेझुइट पंथाच्या फादरांनी १८६९ साली काढलेलं कॉलेज. धोबी तलावाजवळची ती काळ्या दगडाची इमारत, आतला चौक, चौकातल्या सावलीत पांढरे झगे घालून फिरणारे फादर, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको आणि न पाहिलेल्यांना सांगून कळायचं नाही. वनस्पतिशास्त्राचा तर तिथं मोठाच रुबाब. ब्लॅटर या स्विस फादरांच्या नावानं ओळखला जाणारा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तिथं आहे. फादर सांतापाव आमच्या वेळी कलकत्त्याला वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक होते. पण खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा १९५३ सालचा ग्रंथ आमच्या उशाशी असे. खंडाळ्याच्या सहलीत आम्ही चिखलात घसरून पडलो तरी कोणत्या झाडाच्या मुळाशी पडलो ते त्यात पाहून घेत असू.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागातल्या एका वृद्ध फादरांकडे गेलो आणि पत्ता मागितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “कशासाठी?” मी म्हणालो, “आईला पेढे द्यायचे आहेत.” ते काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून एक जुनी वही काढून त्यांनी पत्ता लिहून दिला. पत्ता खोताच्या वाडीचा होता. आमच्या चाळीपासून चालत जेमतेम सात मिनिटं!

खोताची वाडी म्हणजे गिरगावच्या पोटातलं एक निराळंच गाव. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, दारात कुंड्या, वाडीत एक क्रूस. आई नऊवारी नेसून, हातात पेढ्यांची पुडी घेऊन माझ्यापुढं चालत होती. दार उघडलं ते एका पाठीत वाकलेल्या म्हातारीनं. वय ऐंशीच्या घरात. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर ती मराठीतच म्हणाली, “आत ये रे बाबा, उभा का?” ईस्ट इंडियन मंडळींची ती मराठी, आपलीच, पण वळण निराळं.

आईनं पुडी पुढं केली आणि आम्ही का आलो ते सांगितलं. म्हातारी खुर्चीच्या हाताला धरून खाली बसली. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, “कोन नाय आयला आजवर.”

बक्षीस १९२८ सालापासून चालू होतं. अडतीस वर्षं! माझ्या आधी सदतीस पोरं ते घेऊन गेली होती, आणि त्यातल्या एकाच्याही आईला इंग्रजी न येण्याचं भाग्य लाभलं नसावं.

म्हातारीनं आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. दर वर्षी निकाल लागला की कॉलेजातून तिला चार ओळींचं पत्र येई: या वर्षी आपल्या मुलाच्या नावाचं बक्षीस अमक्या विद्यार्थ्याला दिलं. अडतीस पत्रं त्या डब्यात होती. माझं सगळ्यांत वर. तिला ती वाचता येत नव्हती, पुतणी वाचून दाखवायची. पण वाचायची गरजच नव्हती. डोळे मिटून तिनं नावं म्हणायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. त्यात पारशी होते, गोव्याचे होते, गुजराती होते, एक मद्रासी होता, आपल्या प्रभू-ब्राह्मणांतले होते. एकही नाव चुकलं नाही. शेवटी माझं नाव आलं. मुलाच्या दिवशी ती चर्चमध्ये त्याच्यासाठी मिसा सांगायची आणि घरी येऊन ही सगळी नावं जपमाळेवर म्हणायची.

“तो चौतीस सालचा,” तिनं मला विचारलं, “तो कुठं असतो आता? सुखी आहे ना?”

मला काय ठाऊक! मी १९३४ साली जन्मलोही नव्हतो. पण तिचा समज असा, की बक्षीस घेतलेली पोरं एकमेकांना ओळखत असणार, भावाभावांसारखी. मी म्हणालो, “सुखी आहे, आजी.” आयुष्यात मी बोललेल्या काही थोड्या खोट्यांपैकी ते एक, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटलेलं नाही.

मग आईनं तो प्रश्न विचारला, जो फक्त एक आईच दुसरीला विचारू शकते. “फार हुशार होता का हो?”

म्हातारी हसली. दात नव्हते, तरी छान हसली. “नाय गो. कधी तिसरा, कधी सातवा. एकदा तर नापासच.” पोरगा झाडापानांच्या मागं वेडा. अभ्यासाला बसायच्या वेळी खंडाळ्याला, नाहीतर वसईच्या बाजूला. १९२७ साली विषमज्वरानं गेला तेव्हा त्याच्या खाटेखाली वर्तमानपत्रांत दाबलेल्या पानांचे गठ्ठे होते. हजार रुपयांचं बक्षीस ठेवायचं ठरलं. थोडे वडिलांच्या फंडातले, बाकीचे हिच्या बांगड्यांचे. हिचं म्हणणं होतं, जो पोरगा सगळ्यांत जास्त पानं गोळा करील त्याला द्यावं. वडील म्हणाले, छे, पहिल्या नंबराला दिलं तरच नाव राहतं. “म्हणून पयल्याला दिला,” ती म्हणाली. “माजा पोर असता, तर त्याला नसता भेटला.”

घरी येताना आई रस्त्यात एकच वाक्य बोलली, “बांगड्या मोडल्यान्‌ रे तिनं.”

आता थोडं पैशाचं. वनस्पतिशास्त्रात पहिला येऊन मी पुढं बँकेत चिकटलो आणि तिथंच केस पांढरे केले, तेव्हा हा विषय निघाला की मला राहवत नाही. असल्या बक्षिसाची रीत साधी असते. मूळ रकमेला हात लावायचा नाही. ती गुंतवायची, आणि वर्षाचं जे व्याज येईल त्यातून बक्षीस द्यायचं. त्या काळी अशा पैशाला सुरक्षित जागा म्हणजे सरकारी रोखे, साडेतीन टक्क्यांचे. हजारावर साडेतीन टक्के म्हणजे ३५ रुपये. माझ्या बक्षिसाचा आकडा आला तो इथून.

हे ३५ रुपये म्हणजे सुरुवातीला थट्टा नव्हती. १९२७ सालच्या चलन कायद्यानं सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरवला होता. म्हणजे पहिल्या पोराला मिळालं ते दीड तोळ्याहून अधिक सोन्याचं मोल. माझ्या वेळी, १९६६ साली, तेवढ्यात अर्धा तोळाही आला नसता. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. आणि आज? आज ३५ रुपयांत एक वडापाव आणि वर एक कटिंग चहा. आकडा तोच, रोखा तोच, कागदोपत्री काही बिघडलेलं नाही. कुणी चोरी केलेली नसते, कुणी फसवलेलं नसतं, आणि तरी बांगड्या गेलेल्या असतात.

दुसऱ्या एका संस्थेत, तिचं नाव घेत नाही, माझ्या एका मित्रानं वडिलांच्या नावानं पदक ठेवलं होतं. काही वर्षांनी तो चौकशीला गेला तर पदक ‘इतर बक्षिसे’ या सदरात विलीन झालेलं. वडील ‘इतरां’त गेले, असं तो पुढं आयुष्यभर सांगत असे. हसत सांगे, पण सांगे.

आपल्याकडे ही हौस जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावानं बांधवला. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले, आणि त्यातून निघालेली शिष्यवृत्ती तिकडचे लोक अजून अभिमानानं सांगतात. मधल्या काळात, १८६५ साली, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंदांचं साम्राज्य त्यात बुडालं. विद्यापीठांना दिलेलं तेवढं तरंगलं. आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कुणाला ठाऊक नाही? संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची ती शिष्यवृत्ती मराठी घरांत देवघरातल्या देवासारखी नांदली. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि शंकरशेटही पटकावली. पुढं केंब्रिजला १९१७ साली त्यांना बक्षीस मिळालं ते मात्र वनस्पतिशास्त्राचं, फ्रँक स्मार्ट यांच्या नावाचं. नंतर ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. वनस्पतिशास्त्राचं बक्षीस घेऊन बँकेत गेलेला मी काही एकटा नव्हे, असं मी आमच्या शाखेत पुष्कळदा सांगून पाहिलं. पण त्याचा बढतीवर परिणाम झाला नाही. सांगायचं ते असं, की चिंतामणरावांचं बक्षीस सगळे सांगतात. हे फ्रँक स्मार्ट कोण, ते कुणी विचारत नाही. त्यांनाही कुणीतरी होतंच ना?

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि ते इतक्या उशिरा सांगतो आहे याबद्दल घरात मला बोलणी खावी लागली असती. त्या वर्षी वर्गात दुसरी आलेली मुलगी माझ्याहून तीन मार्कांनी मागं होती. तीन! तेही प्रात्यक्षिकातल्या ‘स्पॉटिंग’मुळे. ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: टेबलांवर नमुने मांडलेले असतात, घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं, ओळखायचं, लिहायचं, पुन्हा घंटा. तिचं म्हणणं, एका टेबलावर घंटा लवकर झाली. नमुना तिनं ओळखला होता, लिहायचं राहिलं. हे म्हणणं तिनं १९६६ साली मांडलं आणि पुढं पंचावन्न वर्षं मागं घेतलं नाही, कारण १९७० साली आमचं लग्न झालं.

खोताच्या वाडीची हकीकत मी तिला कॉलेजच्या चौकात सांगितली. आम्ही तेव्हा एकमेकांना आडनावानं हाक मारत असू. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे हे बक्षीस तुमचं नाही नि माझंही नाही.” पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आली. त्याच्या पुढच्या खेपेला मी बँकेच्या ट्रेनिंगला होतो, तर एकटी गेली. लग्न झाल्यावर म्हातारीनं हिला एक कागद दिला. मोठा, पिवळा पडलेला. त्यावर चिकटवलेली कळलावीची एक डहाळी, फुलासकट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘खंडाळा, ऑगस्ट १९२६’. त्या वर्षअखेरीस म्हातारी गेली. डब्याचं काय झालं, आम्हांला कळलं नाही. संसार, बदल्या, मुलाच्या परीक्षा. आम्हीही विचारायला गेलो नाही. ही शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि बत्तीस वर्षं शिकवत राहिली. घरात कुठलीही स्पर्धा असो, पत्त्यांचा डाव असो की चकलीला काटे कुणाच्या जास्त आले असा प्रश्न असो, हरली की म्हणायची, “घंटा लवकर झाली.”

२०१९च्या मे महिन्यात आम्ही दोघं अमेरिकेत होतो. नातीचा पदवीदान समारंभ होता, नॉत्र दाम विद्यापीठात. इंडियाना राज्यातलं साउथ बेंड, शिकागोहून मोटारीनं दोनेक तासांवर. एडवर्ड सोरिन नावाच्या फ्रेंच फादरांनी १८४२ साली काढलेलं हे कॅथलिक विद्यापीठ. मुख्य इमारतीवर सोन्याचा मुलामा दिलेला घुमट, घुमटावर मेरीमाता. ही मान वर करून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, “झेवियर्सला असतं तर पावसाळ्यात एका वर्षात काळं झालं असतं.”

हातात एक जाडजूड पुस्तिका दिली होती. तिच्यात पदवीधरांच्या नावांबरोबर बक्षिसांची यादी. प्रत्येक विषयाची बक्षिसं, आणि बहुतेक बक्षिसाला कुणाचं तरी नाव: अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्या प्राध्यापकाच्या स्मरणार्थ. खाली जिंकलेल्या मुलाचं नाव. आमच्या नातीचं नाव त्यात नव्हतं, तेव्हा निवांतपणे वाचता आलं. आजूबाजूला शिट्ट्या, टोप्या, फोटो. ही मात्र चष्मा लावून एकेक नाव वाचत होती, परीक्षेचे पेपर तपासावेत तशी. मध्येच मला म्हणाली, “अहो, यातल्या किती जणांच्या घरी पेढे गेले असतील?”

मुलानं विचारलं, “आई काय म्हणतेय?” मी सांगितलं. त्याला ही गोष्ट ठाऊक होती, पण अशा गोष्टी मुलांना नुसत्या ठाऊक असतात.

२०२१ साली ही गेली.

वर्षश्राद्धाला मुलगा आला तेव्हा त्यानं सगळं ठरवून आणलं होतं. आईच्या नावानं झेवियर्समध्ये बक्षीस. सर्वोत्कृष्ट विद्यार्थ्याला. रक्कम पंचवीस हजार डॉलर. तिकडची पद्धतही त्यानं मला समजावून दिली: पैसा नुसता रोख्यात कुजवत ठेवायचा नाही, शेअर, रोखे यांत मिळून गुंतवायचा, वर्षाला चारपाच टक्केच खर्च करायचे आणि उरेल ते मुद्दलात टाकायचं, म्हणजे महागाई वाढली तरी बक्षीस आटत नाही. मुलानं बापाला व्याज शिकवावं, यात कौतुक होतं आणि थोडी टोचणीही. पण मुद्दा बरोबर होता. १९२८ साली हे कुणी सांगितलं असतं तर!

अडचणी दोन निघाल्या. पहिली कायद्याची. चिरंजीव आता अमेरिकेचे नागरिक. आणि परदेशी नागरिकाकडून आपल्याकडच्या संस्थेनं पैसे घ्यायचे म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याचे कागद. ती मी झटक्यात सोडवली. “तुझे डॉलर ठेव,” म्हटलं. “माझ्या मुदतठेवी आहेत. बायकोच्या नावाचं बक्षीस मी माझ्या पैशानं ठेवीन.” पाच लाख रुपये बाजूला काढले. सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार. आकडा कागदावर उतरला तेव्हा मी जरा थबकलो. पस्तीसच! पुढं तीन शून्यं तेवढी वाढली होती.

दुसरी अडचण माझी मलाच आली. सर्वोत्कृष्ट विद्यार्थ्याला म्हणजे पहिल्याला. आणि ही तर दुसरी आली होती. हिच्या नावाचं बक्षीस हिलाच मिळालं नसतं!

मी कॉलेजात गेलो. चौक तसाच आहे. कॉलेजला २०१०पासून स्वायत्तता मिळाली आहे. परीक्षा त्यांच्या त्यांनी घ्यायच्या, सत्रं, गुणांची श्रेणी, सगळं नवं. पण कचेरीतल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि तो निधी त्यात होता. मुद्दल रुपये एक हजार. शाई फिकट झालेली, नाव स्वच्छ. मी त्या नावावर बोट ठेवलं, आईनं ठेवलं होतं तसं.

पाच लाखांचे दोन भाग केले. अडीच लाख त्या मुलाच्या निधीत, म्हणजे पहिल्याचं बक्षीस पुन्हा घेण्याजोगं होईल. अडीच लाख हिच्या नावानं, वनस्पतिशास्त्रात दुसऱ्या येणाऱ्यासाठी. दोन्हींना अट एकच: व्याजातलं निम्मं मुद्दलात.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो गप्प झाला. मग म्हणाला, “बाबा, आईला दुसरं बक्षीस? लोक काय म्हणतील? आणि निम्मे पैसे परक्याला?” त्याचा आवाज जड झाला होता. मला राग आला नाही. आईला पहिली ठेवावी असं मुलाला वाटणारच. मी म्हणालो, “परका कुठला? त्याच्यामुळेच तुझी आई माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली.” त्याला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नसावं. पुढच्या भेटीत तो विषय आम्ही दोघांनी टाळला.

आणखी एक गोष्ट मी मागून घेतली. बक्षिसाबरोबर प्रत्येक मुलाला एक कागद द्यायचा. ज्याच्या नावाचं बक्षीस तो कोण होता, ते त्यात असेल. कॉलेजची ना नव्हती, म्हणाले, अर्ध्या पानात लिहून द्या. मुलाविषयीचं अर्धं पान मी एका बैठकीत लिहिलं: खंडाळा, वसई, वर्तमानपत्रांतली पानं, कधी तिसरा कधी सातवा, आईच्या बांगड्या. हिच्याविषयीचं अर्धं पान लिहायला मला दोन महिने लागले. पहिल्या मसुद्यात ‘आदर्श शिक्षिका व प्रेमळ गृहिणी’ असं लिहिलं. वाचून पाहिलं, तर निधनवार्तेच्या सदरातल्या कुठल्याही बाईला ते लागू पडलं असतं. फाडलं. दुसऱ्यात सद्गुणांची यादी झाली. ही असती तर म्हणाली असती, हे कोण? मग एक दिवस चहा घेता घेता लिहिलं गेलं. बत्तीस वर्षांत हजारो मुलांना पान उलटं करून शिरा बघायला शिकवलं. पावसाळ्यात रस्त्यात थांबून कुंपणावरच्या वेलीचं नाव सांगायची, त्यामुळे आम्ही कुठल्याही लग्नाला वेळेवर पोहोचलो नाही. बी.एस्‌सी.ला तीन मार्कांनी दुसरी आली. घंटा लवकर झाली होती.

शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पंचावन्न वर्षं मी ते कबूल केलं नव्हतं. ठेवलं.

पहिल्या वर्षी बक्षिसं दिली गेली आणि कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मी कुणाला दोष देत नाही. मलाही आईनं ढकललं होतं. कॉलेजकडून नावं मात्र कळतात. पत्र नव्हे, ई-मेल येते. ती मी छापून घेऊन एका डब्यात ठेवतो. डबा बिस्किटांचाच आहे, दुसरा मिळाला नाही. चार नावं पाठ व्हायला काही कठीण नाही.

यंदा गेल्या आठवड्यात एक फोन आला. दुसरा आलेला मुलगा. आवाजावरून घाबरलेला. चेकवर त्याच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं आणि बँक घेईना. कचेरीला सुटी, म्हणून कागदावरचा माझा नंबर लावला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत असले चेक मी पोत्यानं पाहिले आहेत. काम झालं, तरी तो फोन ठेवीना.

“आजोबा,” तो म्हणाला, “एक विचारू? तो नमुना कुठला होता? घंटा झाली तेव्हाचा?”

मी सांगितलं नाही. म्हटलं, “घरी ये, मग सांगतो. एक कळलावीचा कागदही दाखवायचा आहे.”

रविवारी येतो म्हणाला आहे. विरारला राहतो, तेव्हा यायला अकरा वाजतील. पेढे मी आजच आणून ठेवले आहेत.